केमो संपली, आता मनाचं काय?

शेवटची केमो झाली की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमकं तेव्हाच पेशंटचं मन ढासळतं. उपचार चालू असतात तोवर पुढची तारीख ठरलेली असते, रक्त तपासलं जातं, नर्स विचारपूस करते. ते थांबलं की भीतीला मोकळं रान मिळतं.

आधी शरीराकडे बघा, कारण सगळाच दोष मनाचा नसतो. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा थायरॉइड मंदावला असेल (मानेला रेडिएशन दिल्यावर किंवा इम्युनोथेरपीनंतर, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध उभं करणाऱ्या औषधांनंतर, हे होऊ शकतं), तर माणूस अगदी नैराश्य आल्यासारखाच गळून जातो. केमोबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असेल तर रात्री टक्क जाग आणि दिवसा चिडचिड होते. गोळी बंद झाल्यावर दोन-चार दिवस उदासही वाटू शकतं. सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. वेळ आपल्या मनाने बदलू नका.

मग मोजायला लागा. रोज रात्री कॅलेंडरवर 0 ते 10 मध्ये एक आकडा लिहा: 0 म्हणजे मन शांत, 10 म्हणजे सहन होत नाही. आकडा 4 किंवा त्याहून वर जात असेल तर पुढच्या भेटीत ते कॅलेंडरच डॉक्टरांसमोर ठेवा. ‘कसं वाटतंय?’ विचारल्यावर बहुतेकांच्या तोंडून सवयीने ‘ठीक आहे’ निघतं आणि विषय तिथेच मिटतो.

खरा कस लागतो तो फॉलोअपच्या स्कॅनला. आठवडाभर आधीपासून पोटात गोळा येतो, जुनी पाठदुखीसुद्धा वेगळी वाटू लागते. स्कॅनची वेळ घेतानाच विचारून ठेवा: रिपोर्ट कधी मिळेल, कोण सांगेल, फोनवर की समोर? स्कॅन आणि डॉक्टरांची भेट यांत जितके कमी दिवस, तितकं बरं. रिपोर्ट मोबाइलवर आला तर रात्री एकट्याने उघडू नका. शस्त्रक्रियेचा जुना व्रणही त्यात लिहिलेला असतो, आणि भेदरलेल्या डोळ्यांना तो गाठच वाटतो. भेटीला जाताना तीन-चार प्रश्न कागदावर न्या. सोबतच्या माणसाचं काम एकच, उत्तरं लिहून घेणं. घाबरलेल्या माणसाच्या कानावर सगळं पडतं, पण डोक्यात निम्मंच राहतं.

नवीन दुखणं जाणवलं तर तारीख आणि जागा लिहा. दोन आठवड्यांत गेलं नाही किंवा वाढत गेलं, तर डॉक्टरांना फोन करा. श्वास लागणं, रक्त पडणं, पायांतलं बळ अचानक जाणं यासाठी मात्र एक दिवसही थांबायचं नाही.

काळजी करू नको, असं सांगून काळजी थांबत नाही. तिला वेळ नेमून द्या. संध्याकाळी 20 मिनिटं, खुर्चीत बसून, हातात वही. मनात येईल ते उतरवा. ज्यावर काही करता येईल त्यापुढे खूण करा आणि त्यातलं एक काम उद्यावर लावा. दिवसात इतर वेळी विचार आला की ‘संध्याकाळी बघू’ म्हणायचं. हे अंथरुणात केलं की सगळं फसतं, कारण मग अंथरूण आणि काळजी यांची जोडी जमते.

थकव्यावर नुसता आराम पुरत नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर 10 मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा आणि आठवड्यातून तीनदा अर्ध्या तासापर्यंत न्या. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून घर आवरायला काढू नका. पुढचे दोन दिवस पलंगावर जातात.

घरच्यांसाठी एक: ‘पॉझिटिव्ह राहा’चा धोशा थांबवा. रडल्याने कॅन्सर परत येत नाही, पण हसतमुख राहण्याच्या सक्तीने पेशंट बोलायचा बंद होतो. त्यापेक्षा ‘गुरुवारी दवाखान्यात मी येतो’ म्हणा.

दोन आठवडे बहुतेक दिवस उदास वाटत असेल किंवा कशातच गोडी उरली नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं नकोसं वाटलं तर त्याच दिवशी जा, आणि तोवर पेशंटला एकटं सोडू नका. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरचं हॉर्मोन रोखणारं औषध) चालू असेल तर ते तिथे आवर्जून सांगा: पॅरोक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन या नैराश्यावरच्या गोळ्यांनी त्याचा परिणाम कमी होऊ शकतो, आणि पर्यायी गोळ्या उपलब्ध आहेत. त्यांपैकी एखादी आधीच चालू असली तरी ती एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या.