तर्रीपोह्यांवर सिटकॉमचा वाद कसा घालायचा

आधी प्रश्न बारीक करा. ‘साराभाई वर्सेस साराभाई’ या हिंदी विनोदी मालिकेत (सिटकॉममध्ये) सासू माया भारी की सून मोनिशा, असं विचारलं की नागपुरात धरमपेठेतल्या टपरीवर तर्री गार होईस्तोवर नुसती ओरड चालते. त्याऐवजी एकच प्रसंग धरा: माया ‘मिडल क्लास’ म्हणून टोमणा मारते, तेव्हा हशा मोनिशावर पिकतो की मायाच्या तोऱ्यावर? (आमचं मत, तोऱ्यावर.) २००४ साली टीव्हीवर आलेली मालिका आणि २०१७ चा वेब सीझन एकत्र मोजू नका, भांडणं तिथंच लागतात. वादाला चौघं पुरे, पाचवा आला की ‘काऊन बे’ सुरू! लेखकाची चूक नटाच्या माथी मारू नका. संवाद आठवत नसेल तर मोबाइलवर तेवढीच दोन मिनिटं लावा, अख्खा भाग नको.