घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर कशा उतरवाव्यात

लग्न, मुंज, बारसे यांच्या व्हीएचएस कॅसेट कित्येक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून आहेत. त्या संगणकावर उतरवणे अवघड नाही, मात्र हे काम फार लांबवण्यासारखेही नाही. कारण फितीवरचे चुंबकीय मुद्रण काळानुसार क्षीण होत जाते आणि ते वाचणारी यंत्रेही आता तयार होत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन बंद केले, तेव्हापासून बाजारात मिळतो तो जुनाच माल. जुनी फीत पुन्हा किती वेळा सुरळीत चालेल याचा भरवसा देता येत नाही, म्हणून ती एकदाच चालवायची आहे असे धरून सगळी तयारी आधी करावी.

सुरुवात तपासणीपासून करावी. कॅसेट उजेडात धरून वरच्या पारदर्शक खिडकीतून फितीची गुंडाळी पाहावी. चांगली फीत काळसर आणि एकसारखी दिसते. कडेला पांढरट भुकटी किंवा जाळीदार डाग दिसले तर ती बुरशी समजावी. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत बंद कपाटात राहिलेल्या कॅसेटना ती हमखास लागते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. आपल्याकडच्या ‘पाल’ (PAL) या चित्रपद्धतीत व्हीसीआरमधला, फीत वाचणाऱ्या हेडचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. हेडच्या बारीक फटीत भुकटी अडकली की चित्र दिसेनासे होते आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला त्या बुरशीचा प्रसाद मिळतो. बुरशी काढायची तर कॅसेटच्या खालच्या बाजूचे पाच स्क्रू काढून, मास्क लावून, मोकळ्या हवेत हे काम करावे लागते. लग्नाची एकुलती एक कॅसेट असेल तर ती जाणकाराकडे सोपवलेलीच बरी.

कॅसेट स्वच्छ असेल तर तिच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची पट्टी आधी मोडून टाकावी, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी जुने चित्रण पुसले जाणार नाही. मग ती शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणावी. वर्षानुवर्षे एकाच स्थितीत राहिलेल्या फितीचा ताण त्यामुळे सारखा होतो. या कामासाठीही आधी व्हीसीआर धडका असल्याची खात्री हवी.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते व्हीसीआरवर करावेत, कारण फितीवरून जे नीट वाचले गेले नाही ते कोणतेही सॉफ्टवेअर नंतर परत आणू शकत नाही. नुसते कॅसेट लावणारे व्हीसीपी यंत्रही चालते. बराच काळ बंद असलेल्या यंत्रातले रबरी पट्टे सैल किंवा चिकट झालेले असतात. त्यांच्यासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करावी. हेड पुसताना यंत्राची वायर काढून ठेवावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला शॅमॉय चामड्याचा तुकडा ड्रमला हलकेच टेकवून धरावा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेने फिरवावा. तुकडा वरखाली घासला तर हेड मोडते, आणि कापसाचे तंतू हेडमध्ये अडकतात. पहिली चाचणी नको असलेल्या कॅसेटवर घ्यावी.

जोडणी साधी आहे. व्हीसीआरच्या आउटपुटमधून निघणाऱ्या पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिना यूएसबी कॅप्चर डोंगलला (चित्र-आवाज संगणकात उतरवणाऱ्या छोट्या जोडयंत्राला) आणि डोंगल संगणकाला जोडायचा. यात पिवळी पिन चित्राची, तर उरलेल्या दोन आवाजाच्या. बहुतेक घोटाळे यापुढच्या सेटिंगमध्ये होतात. सॉफ्टवेअरमध्ये पाल-बी निवडावे. तिथे एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली चित्रपद्धत, राहिली असेल तर चित्र कृष्णधवल दिसते किंवा वरखाली सरकत राहते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिकडून पाठवलेल्या कॅसेट मात्र एनटीएससीच्या असतात. त्यांच्यासाठी दोन्ही पद्धती वाचणारा व्हीसीआर लागतो आणि सेटिंगही एनटीएससीचेच ठेवावे लागते.

मूळ प्रत ७२० बाय ५७६ या आकारात, सेकंदाला २५ फ्रेम या गतीने उतरवावी. व्हर्च्युअल-डबसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून, हफ-वाययूव्ही या दर्जा न घटवणाऱ्या कोडेकमध्ये (चित्रण साठवण्याच्या पद्धतीत) घेतल्यास तासाला साधारण ३० ते ३५ जीबी जागा लागते. आकडा मोठा वाटतो, पण फीत पुन्हा चालवावी लागू नये यासाठीच ही जागा खर्ची घालायची. हार्ड डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट केलेली असावी. जुन्या फॅट-३२ मध्ये ४ जीबीच्या पुढे एक फाइल जात नाही आणि मुद्रण मध्येच तुटते.

तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, त्यात घाई चालत नाही. सुरू करून निघून जाऊ नये. चित्रावर पांढऱ्या आडव्या रेघा आल्या तर ट्रॅकिंगचे बटण फिरवून त्या घालवाव्यात. चित्राच्या अगदी तळाशी थरथरणारी बारीक पट्टी मात्र दोष नव्हे. टीव्हीच्या चौकटीआड ती पूर्वी लपत असे. मधूनमधून ओठांच्या हालचाली आणि आवाज जुळतात का ते पाहावे. चित्र उड्या मारत असेल आणि आवाज मागे पडत असेल, तर व्हीसीआर आणि डोंगल यांच्यामध्ये एखादा जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून पाहावा. त्यातल्या काही मॉडेलमध्ये डळमळता संकेत पुष्कळच स्थिर होतो.

पाहण्यासाठी आणि वाटण्यासाठी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून एच-२६४ या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपातली छोटी प्रत काढावी. फितीवर प्रत्येक फ्रेम सम-विषम ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत विभागलेली असते, म्हणून संगणकावर हलत्या हाताच्या कडा फणीसारख्या दिसतात. त्या घालवण्यासाठी डीइंटरलेस करताना, म्हणजे ही अर्धी चित्रे पूर्ण चित्रांत बदलताना, ‘बॉब’ हा पर्याय घ्यावा, म्हणजे सेकंदाला ५० चित्रे मिळून हालचाल मूळासारखी सलग राहते. चित्राचे प्रमाण ४:३ च ठेवावे. रुंद टीव्हीवर भरून दिसावे म्हणून ताणले तर नवरानवरी दोघेही आडवे होतात.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग प्रसंग आणि गाव लिहावे. एक प्रत घरातल्या डिस्कवर, दुसरी नातेवाइकाकडे आणि छोटी प्रत क्लाउडवर ठेवावी. त्या काळच्या व्हिडिओवाल्यांनी वरातीवर आणि जेवणाच्या पंगतींवर सर्रास सिनेमाची गाणी चढवलेली आहेत, त्यामुळे ही चित्रफीत यूट्यूबवर टाकल्यास कॉपीराइटचा दावा येऊन ती अडवली जाऊ शकते. त्यापेक्षा नातेवाइकांना पेन ड्राइव्ह किंवा क्लाउडवरच्या प्रतीची लिंक द्यावी. मूळ कॅसेट टाकून देऊ नयेत. संपूर्ण मागे गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या, कोरड्या जागी आणि स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवाव्यात.