नवा भातवाण खरंच सरस आहे का? आपल्याच कुणग्यात पारख अशी करा

शेजाऱ्याचं भात जोरात दिसलं म्हणून घरचं बियाणं लगेच मोडीत काढू नका. त्याचा मळा ओढ्याकाठचा आणि आपला डोंगरउताराचा असेल, तर नुसत्या जमिनीमुळे पडणारा फरक वाणांतल्या फरकाहून मोठा असू शकतो. दोन्ही वाण एकाच जमिनीत, एकाच पावसात, शेजारी-शेजारी लावले तरच काही कळतं.

आधी जोडी नीट निवडा. हळव्या (लवकर तयार होणाऱ्या) कर्जत-३ ची तुलना गरव्या (उशिरा तयार होणाऱ्या) कर्जत-२ शी करण्यात अर्थ नाही. पाऊस लवकर गेला की गरवा मार खातो, रेंगाळला की हळवं कापणीला भिजतं. दोन्ही वाण एकाच मुदतीचे हवेत आणि त्यांतला एक घरचाच हवा. खाडीकाठच्या खार जमिनीत लावायचं असेल, तर चाचणीही खारातच घ्या.

आता मांडणी. उतारावरचे वर-खाली असे पाच कुणगे (भातशेतीचे बांध घातलेले तुकडे) घ्या आणि प्रत्येकात ५ बाय ४ मीटरचे दोन वाफे आखा. वरच्या कुणग्यातलं पाणी लवकर उतरतं, खालच्यात साचून राहतं. पण एका कुणग्यातल्या दोन्ही वाणांना ते सारखंच मिळतं. कोणता वाण कुठल्या वाफ्यात, हे प्रत्येक कुणग्यासाठी चिठ्ठी टाकून ठरवा. ही पायरी गाळू नका. आवडत्या वाणाला नकळत चांगला कोपरा दिला जातोच. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्रात शेतीच्या प्रयोगांना ही शिस्त घालून दिली.

तरव्याचं (लावणीच्या रोपांचं) वय, लावणीचा दिवस, अंतर, खत सगळं सारखं ठेवा.

कापणीला कडेच्या ओळी सोडा. त्यांना ऊन आणि मोकळी जागा जास्त मिळते, त्यामुळे त्या फसवतात. मधला ४ बाय २.५ मीटरचा तुकडा कापा, झोडा, भात सारखं वाळवा आणि एकाच काट्यावर तोला. हे क्षेत्र १० चौरस मीटर भरतं, म्हणून इथला १ किलो म्हणजे हेक्टरी १० क्विंटल.

खरी गंमत हिशेबात आहे. प्रत्येक कुणग्यात नव्या वाणाच्या वजनातून घरच्याचं वजन वजा करा. समजा फरक आले ०.५, ०.७, ०.२, ०.६, ०.५ किलो. सरासरी ०.५. दुसरीकडे फरक आले १.९, −०.६, ०.१, १.४, −०.३. सरासरी इथेही ०.५! पण दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवता येत नाही. मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये या पाच फरकांचं नमुन्याचं प्रमाण विचलन (फरक सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) काढा आणि १.२४ ने गुणा (हा गुणक पाचच जोड्यांसाठी, ९५ टक्के खात्रीचा). पहिल्यात येतात ०.२३. ते सरासरीतून वजा आणि सरासरीत अधिक करा, म्हणजे खरा फायदा साधारण ०.२७ ते ०.७३ किलोच्या दरम्यान, हेक्टरी अंदाजे ३ ते ७ क्विंटल. दुसऱ्यात येतात १.३६. सरासरीपेक्षा हा आकडा मोठा, तेव्हा नवा वाण सरस आहे असं म्हणायला आधार नाही. तो वाईट आहे असंही यातून ठरत नाही. आणखी कुणगे घेऊन पाहावं लागेल.

वजनाबरोबर पेंढा किती, वाऱ्यात पीक आडवं पडलं का, पेज कशी होते, हेही वहीत लिहा. घरच्या बायकांचं मत इथे आकड्याइतकंच मोलाचं.

एका पावसावर बियाणं बदलू नका. निदान दोन-तीन खरीप हीच चाचणी घ्या, आणि दर वर्षी चिठ्ठ्या नव्याने टाका.