पाठ असलेला श्लोक आणि आलेला राग

आमच्याकडे दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हणावेच लागत. आजी निरांजन लावून बसायची, आम्ही दोघं भावंडं समोर मांडी घालून. भुजंगप्रयाताची चालच अशी आहे की अर्थाकडे लक्ष नसलं तरी तोंड आपोआप चालतं. एका संध्याकाळी ‘नको रे मना क्रोध हा खेदकारी’ म्हणता म्हणता मी धाकट्या भावाला सणसणीत चिमटा काढला. दुपारी त्यानं माझी कंपासपेटी मोडली होती. तो किंचाळला, आणि मी एकही मात्रा न चुकवता पुढच्या ‘नको रे मना’वर पोचले होते.

मराठीत बीए करून मी पुण्यात एमएला तत्त्वज्ञान घेतलं, तेव्हा हा चिमटा मला अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’त पुन्हा भेटला. सातव्या भागात प्रश्न असा आहे: वाईट काय हे माहीत असूनही माणूस तेच का करतो? सॉक्रेटिसच्या मते असं घडूच शकत नाही. जो चुकतो त्याला खरं ज्ञानच नसतं. अ‍ॅरिस्टॉटल इतक्या सहज सुटत नाही. तो म्हणतो, विकाराच्या भरात ज्ञान असतं, पण झिंगलेला माणूस एम्पेडोक्लिस या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञ-कवीच्या ओळी घडाघडा म्हणतो, तसं. नवखे विद्यार्थीही वाक्याला वाक्य जोडून म्हणतात, पण ते अजून त्यांच्यात मुरलेलं नसतं आणि मुरायला वेळ लागतो. तिसरं उदाहरण रंगमंचावरच्या नटाचं. वाचनालयात हे वाचताना मला हसू फुटलं. या तिघांच्या शेजारी निरांजनासमोरची नऊ वर्षांची मुलगी सहज बसली असती.

साहित्याकडून तत्त्वज्ञानाकडे (किंवा उलट) येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर बरेच गुण वाचले असते.

पहिली चूक कवितेचा हार घालायची. दोन पानं नीतिशास्त्र लिहायचं आणि शेवटी ‘तुकोबांनी म्हटलेच आहे’ म्हणून एक अभंग चिकटवायचा. माझ्या पहिल्या निबंधावर सरांनी लाल शाईत एवढंच लिहिलं होतं: ‘अभंग काढून टाकला तर काय बिघडेल?’ काहीच बिघडत नव्हतं. तेव्हापासून मी वही मधोमध दुमडते. डावीकडे कवितेची ओळ, उजवीकडे त्या ओळीमुळे सिद्धान्ताला जिथे अडचण होते ती जागा. उजवी बाजू कोरी राहिली तर ती ओळ निबंधात येत नाही.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. ‘जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः’, धर्म कळतो पण तिकडे माझी प्रवृत्ती होत नाही, हे दुर्योधनाचं वाक्य मी चर्चासत्रात ‘महाभारतातलं’ म्हणून ठोकून दिलं. सरांनी शांतपणे विचारलं, ‘कुठल्या पर्वात?’ दोन दिवस शोधल्यावर कळलं की हा श्लोक पांडवगीता नावाच्या स्तोत्रातला आहे. ऐकीव अवतरण स्वतः मूळ जागी पाहिल्याशिवाय वापरू नका.

त्याच चर्चासत्रात एक चांगली गोष्टही घडली. ज्ञान असून वर्तन नसणं याला अ‍ॅरिस्टॉटलचा शब्द ‘अक्रासिया’. असंयम, मनोदौर्बल्य असे प्रतिशब्द सुचवून झाले, पण कुणाचंच समाधान होईना. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, ‘कळतंय पण वळत नाही.’ सरांनी फळ्यावर तेच लिहिलं. घरोघरी रोज बोललं जाणारं वाक्य, आणि आम्ही तासभर संस्कृत शब्द जुळवत बसलो होतो.

त्या रात्री मला बहिणाबाई आठवल्या. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर.’ आणि एकदम लक्षात आलं की गुरं ‘वळतात’. गुराखी गुरं वळतो आणि मन वळत नाही. दोन्हीकडे क्रियापद एकच. मनाला जनावराची उपमा देणाऱ्या बहिणाबाई काही एकट्या नाहीत. कठोपनिषदात इंद्रियं घोडे आहेत, मन लगाम आणि बुद्धी सारथी. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादातही सारथी आहे, एक गुणी घोडा आणि एक द्वाड. पण दोन्हीकडे रथावर कुणीतरी बसलेलं आहे, त्याला दिशा ठाऊक आहे. बहिणाबाईंच्या ओळीत रथ नाही, सारथी नाही. आहे फक्त हाकलणं, आणि ढोराचं पुन्हा पुन्हा परत येणं. लिहिता-वाचता न येणाऱ्या, 1951 साली गेलेल्या या बाईनं मोठ्या तत्त्वज्ञांच्या चित्रातला सारथीच काढून टाकला. माझ्या उजव्या रकान्यात त्या दिवशी पहिल्यांदा पानभर मजकूर आला.

‘वढाय’ म्हणजे ओढाळ, एवढं मला माहीत होतं. पण ओढाळ जनावर म्हणजे नेमकं काय, हे विचारायला मी जळगावकडच्या मामांना फोन केला. मी म्हटलं, ‘भुकेपोटी जात असेल ना?’ मामा म्हणाले, ‘भूक कसली! दावणीला चारा पडलेला असतो. एकदा दुसऱ्याच्या पिकाची चटक लागली की झालं. मग गळ्यात लोढणं बांधायचं, म्हणजे पळताना पायात येतं.’ अ‍ॅरिस्टॉटलचं सगळं सवयीचं प्रकरण, चारित्र्य हे वारंवार केलेल्या कृतीतून घडतं हे म्हणणं, मामांनी दोन वाक्यांत उलट्या टोकानं सांगितलं. कवितेतला शब्द त्याच्या शेतात, स्वयंपाकघरात जाऊन विचारावा, हे मी तेव्हा शिकले. शब्दकोश ‘भटकणारे’ एवढंच सांगून थांबतो.

रागाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण तिथे बहुतेक जण घसरतात. सद्गुण म्हणजे दोन टोकांमधला मध्य, हे सगळे पाठ करतात आणि त्याचा अर्थ ‘सगळं बेताबेतानं’ असा लावतात. अ‍ॅरिस्टॉटल चौथ्या भागात म्हणतो की जिथे रागवायला हवं तिथे न रागावणारा माणूस मूर्ख ठरतो. योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी, योग्य तितका वेळ रागावणं, हा त्याचा मध्य. आता तुकोबांचा ‘मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास’ वाचा. मेणाहून मऊ असलेला माणूस त्याच अभंगात वज्राला भेदतो, भल्याला लंगोटी देतो आणि नाठाळाच्या माथ्यात काठी हाणतो. (शाळेच्या पुस्तकात ती ‘कासेची लंगोटी’ असते, गाथेतला शब्द जास्त रांगडा आहे आणि रागाला तोच शोभतो.) हा काही कोमटपणा नव्हे. उलट अडचण अशी की समोरचा नाठाळ आहे हे ठरवायचं कुणी? अभंग ते सांगत नाही, अ‍ॅरिस्टॉटल ‘विवेकी माणूस’ म्हणून वेळ मारून नेतो. निबंध इथून सुरू करा.

अ‍ॅरिस्टॉटलचं नीतिशास्त्र वाचायला सुरुवात पहिल्या भागापासून करू नका, कंटाळून सोडाल. दुसरा, चौथा, सातवा, मग मैत्रीवरचे आठवा आणि नववा. दहापैकी दोन भाग मैत्रीला दिलेत यावरूनच माणूस कळतो. भावनेपेक्षा कर्तव्याला मानणारा जर्मन तत्त्वज्ञ कांट नंतर. त्याला सहानुभूतीवर एवढा अविश्वास का, हे कळायला आधी भावनांच्या बाजूनं भरपूर वाचलेलं असावं लागतं.

नोकरीचं स्पष्ट सांगते. तत्त्वज्ञानाच्या पूर्णवेळ जागा फार थोड्या. नेट-सेट झाल्यावरही मी काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, त्यात घरभाडंही निघत नव्हतं. आता मी मुख्यतः यूपीएससीच्या मुलांना नीतिशास्त्र शिकवते. मुख्य परीक्षेत 2013 पासून हा 250 गुणांचा पेपर आहे. वह्या तपासताना एम्पेडोक्लिस म्हणणारा तो झिंगलेला माणूस मला दर दुसऱ्या पानावर भेटतो: गांधी, कांट, विवेकानंद, ओळीनं अवतरणं, आणि केस स्टडीतल्या लाचखाऊ अधिकाऱ्यावर एकही खरं वाक्य नाही. अशा मुलांना मी आधी एक काम देते. गेल्या आठवड्यात तुम्हाला कळत होतं पण वळलं नाही, असा एक प्रसंग दहा ओळींत लिहा, थोरामोठ्यांचं नाव न घेता. पहिल्या खेपेला जवळपास सगळे दुसऱ्या कुणाचा तरी प्रसंग लिहून आणतात.

आजी आता थकली आहे, पण 205 श्लोक अजून मुखोद्गत आहेत. मागच्या दिवाळीत दिवेलागणीला आम्ही दोघं भावंडं पुन्हा तिच्यासमोर बसलो. ती ‘नको रे मना’पर्यंत आली आणि शेजाऱ्यानं परत फाटकासमोर स्कूटर लावलेली तिला खिडकीतून दिसली. श्लोक अर्धवट टाकून तिनं त्याला असं झापलं की त्यानं मुकाट्यानं गाडी हलवली. भाऊ माझ्याकडे बघून तोंड दाबून हसत होता. आजीनं पदर सारखा केला, निरांजनातली वात पुढे सरकवली आणि विचारलं, ‘कुठवर आलो होतो आपण?’