बॅटरी ठणठणीत, तरी गाडी मुकी

सेल्फ दाबला की नुसतं 'टक'. गाडीला किक नाहीच. सगळा राग बॅटरीवर काढला, पण मल्टिमीटर 12.6 व्होल्ट दाखवत होता, आणि सेल्फ दाबूनही आकडा 12.4 च्या खाली जाईना. म्हणजे सेल्फची मोटर करंट खेचतच नव्हती. खेचला असता तर व्होल्टेज चांगलंच पडलं असतं. (हे आधी सुचलं असतं तर बॅटरी दोनदा चार्जिंगला लावली नसती!) मग मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ दाबला. तब्बल 11 व्होल्ट! इथे अर्धा व्होल्टही जास्तच. म्हणजे इंजिनाकडून बॅटरीच्या मायनसला करंट परतायची वाट, अर्थिंगची वायर, कुठेतरी अडलेली. अर्थिंगच्या वायरीचा इंजिनवरचा बोल्ट काढला, तर थिंबलखाली (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हिरवट पूड साचलेली. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलं, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली. पहिल्याच झटक्यात गाडी चालू.