वर्गातला व्हिडिओ संवाद: आधी आवाज जुळवा, मग पडदा

शाळेत व्हिडिओ कॉलवरून कार्यक्रम करायचा म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, मोठा टीव्ही घ्या, भारी कॅमेरा घ्या. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी हे कार्यक्रम गेली नऊ वर्षं घेते आहे. या सल्ल्यापायी एसडीएमसीने, म्हणजे पालकांच्या शाळा समितीने, जमवलेले पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत. चित्र अंधूक असलं तरी मुलं तासभर बसतात. आवाज फाटका असला की पाचव्या मिनिटाला मागची रांग चुळबुळ करते आणि दहाव्या मिनिटाला कुणाचंच लक्ष राहत नाही. म्हणून हा लेख निम्मा आवाजावरच आहे.

लॅपटॉप, टीव्ही किंवा प्रोजेक्टर, नेट, मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं तुमच्याकडे आहेत असं धरून पुढे जाते.

कुणाशी बोलायचं

जाणकार पाहुणा, एखादं संग्रहालय किंवा विज्ञान केंद्र, नाहीतर दुसऱ्या गावची शाळा. पहिल्या खेपेला शाळाच निवडा. दोन्हीकडे मुलं असली की दोन्हीकडे सारखीच धाकधूक असते, आणि कुणी भाषण ठोकत नाही.

शाळेशी शाळा जोडताना आमच्याकडे सगळ्यात रंगतो तो ‘ओळखा आम्ही कुठले’ हा खेळ. दोन्ही वर्गांनी एकमेकांना फक्त हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारायचे आणि गाव शोधायचं. कोकणातल्या एका शाळेबरोबर खेळलो तेव्हा तिकडच्या मुलांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘तुम्ही महाराष्ट्रात आहात का?’ आमची मुलं एकसुरात ‘नाही’ म्हणाली. पलीकडे शांतता. मराठी तर बोलताहेत, मग आहेत कुठे? गोवा झालं, बडोदा झालं, इंदूरसुद्धा झालं. शेवटी एका मुलीने विचारलं, ‘तुमच्या एसटीवरची पाटी कानडीत असते का?’ सीमाभागातल्या मुलांना आपल्या गावाबद्दल इतकं बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसरा विषय नदीचा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. म्हादई आपल्याच तालुक्यात उगम पावते, पश्चिमेला गोव्यात उतरते आणि तिथे मांडवी म्हणून समुद्राला मिळते. गोव्यातल्या वर्गाने मुखाकडची नदी दाखवायची, आपण उगमाकडची. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांमधलं रॉटनचं वटवाघूळ हाही असाच विषय. ही जात १९१३ साली शास्त्रात नोंदली गेली आणि पुढे कित्येक वर्षं जगात फक्त या गुहांमधूनच माहीत होती. पाहुणा कितीही मोठा असो, आपल्या मुलांनी त्याला काहीतरी सांगायचं हा नियम मी मोडत नाही. नुसतं ऐकायचंच असेल तर युट्यूब आहे.

जुन्या लेखांत स्काइपवरून वर्ग जोडायला सांगितलेलं असतं. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, तो भाग सोडून द्या. झूम किंवा गूगल मीट पुरतं. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांनी तुटते, आणि शाळेच्या एका तासाला तेवढा वेळ बरोबर पडतो.

कधी

इथे बरेच जण फसतात. आपल्या शाळा मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात, महाराष्ट्रातल्या बहुतेक जूनच्या मध्याला. आपली मोठी सुट्टी दसऱ्याची, त्यांची दिवाळीची. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्हीकडे वर्ग भरतात, पण जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला त्या दिवसांत कौलांवरच्या पावसापुढे कुठलाही माईक टिकत नाही. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून गॅदरिंगच्या तालमी सुरू होईपर्यंतचा काळ धरा.

परदेशातला पाहुणा असेल तर घड्याळ आधी कागदावर मांडा. लंडनचे सकाळचे १० म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. हे जमतं. न्यूयॉर्कचे सकाळचे १० म्हणजे आपली संध्याकाळ उलटलेली. लांबच्या वाडीवरून येणाऱ्या मुलांना त्या वेळी थांबवून घेऊ नका.

नेट आणि वीज

अपलोड आणि डाऊनलोड दोन्ही ३ एमबीपीएस मिळाले तर भागतं. लोक डाऊनलोडच बघतात, पण आपली मुलं पलीकडे पोचतात ती अपलोडवर. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन चार्ज करून जवळ ठेवा. राऊटर इन्व्हर्टरवर घ्या.

आवाज

आता खरं काम. माझा पहिला कार्यक्रम इथेच बुडाला. पाहुणे होते पक्ष्यांचे अभ्यासक. आमच्या खोलीत त्यांचा आवाज खणखणीत येत होता आणि मी निश्चिंत होते. पण ते दोन शब्द बोलायचे आणि अडखळायचे, पुन्हा सुरू करायचे, पुन्हा थांबायचे. मला वाटलं, मुलांपुढे बोलायची सवय नसेल. मागच्या मुलांना नीट ऐकू यावं म्हणून मी स्पीकर आणखी वाढवला. वीस मिनिटांनी त्यांनी चॅटमध्ये लिहिलं, ‘माझा प्रत्येक शब्द मला परत ऐकू येतोय, मला बोलता येत नाही.’ त्या दिवशी आमच्या मुलांचे प्रश्न राहूनच गेले. मुलांनी ते आठवडाभर बसून लिहिले होते.

त्यातून शिकलेली गोष्ट पाठच करा: घुमणारा आवाज ज्याला ऐकू येतो त्याच्याकडे दोष नसतो, दोष पलीकडच्या खोलीत असतो. पाहुण्याचा आवाज आपल्या स्पीकरमधून निघतो, भिंतींवर आपटतो, आपल्याच माईकमध्ये शिरतो आणि क्षणभराने पाहुण्याच्या कानात परत जातो. आपल्याला यातलं काहीच कळत नाही, म्हणून आपण खुशाल असतो. आणि आपण स्पीकर वाढवला की पाहुण्याचा त्रासही वाढतो.

झूम-मीटमध्ये हा परत जाणारा आवाज कापायची सोय असते. स्पीकरला कुठला आवाज पाठवला हे त्याला माहीत असतं, माईकमधून तोच आवाज आला की ते तो वजा करतं. पण हा हिशोब जुळायला आवाज वेळेवर आणि न फाटता निघावा लागतो. ब्लूटूथ स्पीकरमधून तो उशिरा निघतो आणि हिशोब चुकतो. गॅदरिंगचा ॲम्प्लिफायर आणि मोठे बॉक्स लावले तर आवाज इतका मोठा आणि फाटका होतो की वजाबाकी जुळतच नाही. म्हणून वर्गात ब्लूटूथ स्पीकर नको, असं मी ठाम सांगते. तो कितीही महाग असो. वायरचा साधा स्पीकर घ्या.

आणखी एक फसगत. पाहुणा बोलत असताना मुलं मध्ये ‘हो’ म्हणाली तर काही वेळा त्यांचा आवाज पलीकडे पोचतच नाही. यंत्र तो परतीचा आवाज समजून कापून टाकतं. पाहुण्याला वाटतं, वर्ग मख्ख आहे. तेव्हा ‘हो’ म्हणायचं असेल तेव्हा हात वर करायचा असं मुलांना शिकवा. गाणं किंवा पोवाडा ऐकवायचा असेल तर झूममध्ये ‘ओरिजिनल साऊंड’ आधी चालू करा, नाहीतर ढोलकी गोंगाट म्हणून गाळली जाते.

आता खोली. हॉल नको, शाळेतली सगळ्यात लहान खोली घ्या. मध्यभागी उभं राहून एकदा टाळी वाजवा. टाळीनंतर खोली झणझणत राहिली तर ती तशीच वापरू नका. शहाबादी फरशी आणि रंगवलेल्या कोऱ्या भिंती आवाज शोषत नाहीत. फरशीवर सतरंज्या अंथरा, मागच्या भिंतीला घोंगड्या टांगा, मुलांची दप्तरं त्याच भिंतीला रचून ठेवा. खर्च शून्य, आणि फरक पुन्हा टाळी वाजवली की कळतो.

माईक यूएसबीचा घ्या. गोल पिनचा साधा माईक लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घालून रडत बसलेले शिक्षक मी पाहिले आहेत. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपना हेडफोन आणि माईक मिळून एकच भोक असतं, त्याला चार पट्ट्यांची पिन लागते. तीन पट्ट्यांच्या पिनमधून आवाज जातच नाही. माईक बिघडलेला नसतो, पिन चुकीची असते.

माईक मुलांच्या मधोमध ठेवू नका. बऱ्याच मार्गदर्शिकांत ‘मधोमध ठेवा’ असंच छापलेलं असतं आणि ते चूक आहे. मधोमध ठेवलेल्या माईकमध्ये चाळीस मुलांची कुजबुज, बाकांची करकर आणि पंखा शिरतो, प्रश्न विचारणारं मूल मात्र लांबच राहतं. पुढे एका बाजूला स्टुलावर माईक ठेवा आणि ती ‘प्रश्नाची जागा’ ठरवा. विचारणारं मूल उठून तिथे येईल, माईकपासून वीतभर अंतरावर तोंड ठेवून विचारेल आणि परत जाईल. स्पीकर पडद्याजवळ, दुसऱ्या टोकाला, माईककडे पाठ करून. मूल बोलताना पडद्याकडे बघणारच, तेव्हा पडद्याकडे बघूनही तोंड माईकसमोर राहील असं स्टूल सरकवा. कॅमेराही याच जागेकडे वळवा. पाहुण्याला मग चाळीस ठिपक्यांऐवजी एक चेहरा दिसतो.

एका खोलीतून एकच यंत्र आवाजासह जोडलेलं असायला हवं. उत्साही शिक्षक स्वतःच्या फोनवरूनही बैठकीत येतात आणि कान फाटेल अशी किंचाळी सुरू होते. यूएसबी माईक मिळत नसेल आणि मुलं पंधराच्या आत असतील तर उलटं करा. फोन प्रश्नाच्या जागी ठेवून आवाज फक्त त्यावरून घ्या, आणि लॅपटॉप बैठकीत जोडताना त्याचा आवाज जोडूच नका, तो चित्रापुरता राहू द्या.

चाचणी आदल्या दिवशी, त्याच खोलीत, त्याच वेळी, मुलांना बसवून. रिकाम्या खोलीतली चाचणी खोटी असते. पलीकडे एखाद्या सहकाऱ्याला घरून जोडून घ्या. त्यांना ‘ऐकू येतंय का?’ विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. दोनच गोष्टी करा. पहिली, त्यांना मिनिटभर सलग बोलायला लावा आणि विचारा, ‘तुमचाच आवाज तुम्हाला परत येतोय का?’ दुसरी, एका मुलाला प्रश्नाच्या जागेवरून आकडे वाचायला लावा: एकोणसाठ, एकोणसत्तर, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. पलीकडच्याने ते लिहून घ्यायचे. सहाच्या सहा बरोबर आले तर आवाज जुळला. एक जरी चुकला तरी स्पीकर कमी करा, स्टूल सरकवा, पुन्हा वाचा. पहिल्यांदा मला यात पाऊण तास गेला. तो द्या.

प्रश्न

प्रत्येक मुलाने चिठ्ठीवर एक प्रश्न लिहायचा. ‘किती’, ‘कधी’चे प्रश्न बाजूला ठेवा, ‘का’ आणि ‘कसं’चे दहा निवडा. दहाच. पाहुण्याला आधीच सांगा की दहा मिनिटांपेक्षा जास्त सलग बोलू नका, बाकी वेळ मुलांचा.

भाषेची भीती बाळगू नका. पाहुणे बेंगळूरूचे असतील तर आमची मुलं कन्नडमध्ये विचारतात आणि त्यांची मान ताठ होते. पाहुणे इंग्रजी बोलणारे असतील तर प्रश्नाची दोन वाक्यं पाठ करून घ्या, आणि दर तीन वाक्यांनंतर थांबायची पाहुण्यांना विनंती करा. भाषांतर मी करत नाही, वरच्या वर्गातल्या दोन मुलांना देते. ती चुकली तरी वर्ग त्यांचं कान देऊन ऐकतो.

प्रश्न विचारून झाला की मुलाने मनात एक-दोन-तीन मोजेपर्यंत काही बोलायचं नाही. आवाज पलीकडे जायला आणि उत्तर परत यायला वेळ लागतो. २० सप्टेंबर २००४ रोजी इस्रोने शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला. बेळगावचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ त्या प्रयोगात सुरुवातीपासून होतं. तेव्हा प्रत्येक प्रश्न ३६,००० किलोमीटर वर जाऊन तेवढाच खाली यायचा, उत्तराचाही तोच प्रवास, म्हणजे नुसत्या वाटेतच अर्धा सेकंद. आताच्या केबलवर तो कमी झाला, पण संपला नाही. मूल घाबरून प्रश्न पुन्हा विचारतं, पाहुणाही तेव्हाच बोलू लागतो आणि दोघंही थांबतात. तीन आकडे मोजायची सवय लावली की हे होत नाही.

त्या दिवशी

अर्धा तास आधी बैठक उघडा. लॅपटॉपवरचे अपडेट बंद, खोलीतले बाकीचे फोन बंद. व्हिडिओ दाखवणार असाल तर स्क्रीन शेअर करताना ‘शेअर साऊंड’वर खूण करा. शाळेची घंटा वाजवणाऱ्या शिपाईमामांना सांगून ठेवा.

नेट डळमळलं तर आधी आपला कॅमेरा बंद करा, आवाज चालू ठेवा. तेवढ्यानेही नाही भागलं तर पाहुण्यांना साधा फोन लावा, फोन स्पीकरवर टाकून माईकच्या जागी ठेवा आणि प्रश्न चालू ठेवा. आमचे दोन कार्यक्रम असेच पूर्ण झाले, आणि मुलांना त्यात काही कमी वाटलं नाही.

संपल्यावर स्टूल, स्पीकर आणि कॅमेरा जिथे होते तिथे फरशीवर ऑइलपेंटने छोट्या फुल्या मारा. खडूच्या खुणा संध्याकाळी झाडताना जातात. लॅपटॉपवर स्पीकर आणि माईक किती आकड्यावर होते तेही वहीत लिहून ठेवा. पुढच्या खेपेला तो पाऊण तास दहा मिनिटांवर येतो.