सिरिंज आणि वजनकाट्याने हवेचा दाब घरी कसा मोजावा

बॉइलचा नियम अकरावीच्या रसायनशास्त्रात एका ओळीत येतो: तापमान स्थिर असेल, तर ठरावीक वस्तुमानाच्या वायूचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार बदलत नाही. ओळ पाठ होते, गणितंही सुटतात. पण त्यातला दाब म्हणजे नेमका कोणता दाब, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय पक्कं बसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. २० मिलीची नवी प्लॅस्टिकची सिरिंज (सुई नको), किमान ५ किलोपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, पट्टी आणि आलेख कागद एवढं पुरतं. मदतीला आणखी एक जण हवा.

आधी सिरिंज बंद करून घ्या. दट्ट्या २० मिलीच्या खुणेवर आणा, पुढचं टोक मेणबत्तीवर मऊ करा आणि पक्कडीने चिमटून टाका. वितळलेलं प्लॅस्टिक चटका देतं, म्हणून हे काम मोठ्या माणसाने करावं. टोक गार झाल्यावर दट्ट्या १० पर्यंत दाबून थोडा वेळ धरा आणि सोडा. तो पुन्हा २० च्या जवळ आला, तर सिरिंज पक्की बंद झाली. बराच अलीकडे थांबला, तर कुठून तरी हवा निसटते आहे. दुसरी सिरिंज घ्या. ही तपासणी टाळू नका. हवा गळत असेल तर पुढचे सगळे आकडे फुकट जातात.

आता दट्ट्याचं क्षेत्रफळ काढायचं. व्यास मोजत बसू नका, त्यात चूक फार होते. नळीवरच्या ० ते २० मिली या खुणांमधलं अंतर पट्टीने मोजा. ते ६.४५ सेंमी भरलं, तर २० भागिले ६.४५, म्हणजे साधारण ३.१ चौ. सेंमी. तुमच्या सिरिंजचा आकडा वेगळा येईल, तोच वापरा.

मग मुख्य काम. सिरिंज उलटी करा, दट्ट्याची चपटी टाच काट्यावर टेकवा आणि काटा शून्यावर आणा. नळीच्या कडेचे दोन कान धरून सावकाश खाली दाबा. नळीला तळहाताने वेढू नका, हाताच्या उबेने आतली हवा तापते. झटक्यात दाबलं तरी ती तापतेच. सायकलच्या पंपाची नळी गरम होते, त्यामागेही हेच मोठं कारण असतं. तापमान स्थिर नसेल, तर बॉइलचा नियम लावता येत नाही. म्हणून प्रत्येक खुणेवर काही क्षण थांबा आणि मगच जोडीदाराला काट्यावरचा आकडा वाचायला सांगा.

१६, १२, १० आणि ८ मिलीवर आकडे घ्या. मग दाब हळूहळू कमी करत त्याच खुणांवर पुन्हा घ्या. रबराच्या घर्षणामुळे दाबत जाताना काटा थोडं जास्त वजन दाखवतो, सोडत येताना थोडं कमी. दोन्हींची सरासरी घेतली की घर्षणाचा परिणाम बराचसा निघून जातो.

वरच्या मापाची सिरिंज समुद्रसपाटीवर वापरली, तर सरासरी साधारण अशी यायला हवी: १६ मिलीला ०.८ किलो, १२ ला २.१३, १० ला ३.२, ८ ला ४.८. आता आकारमान आणि वजन यांचा गुणाकार करा. १६ ला १२.८ येतो, १० ला ३२. नियम मोडला की काय?

नियम शाबूत आहे. काटा फक्त तुमच्या हाताचा जोर दाखवतो. तुम्ही हात लावण्याआधीपासून वातावरण त्याच दट्ट्याला रेटत होतं, आणि त्या जोराची काट्यावर नोंदच नाही. सुरुवातीचं आकारमान निम्मं करायला, म्हणजे २० चे १० करायला, आतला दाब दुप्पट व्हावा लागतो. त्यासाठी वातावरणाइतकाच जोर तुम्हाला वरून घालावा लागला: ३.२ किलो. तो प्रत्येक आकड्यात मिळवा. १६ × ४, १२ × ५.३३, १० × ६.४, ८ × ८: सगळीकडे ६४.

बॉइलनेही हेच केलं होतं. इंग्रजी जे अक्षरासारख्या काचेच्या नळीत पारा ओतून हवा दाबली आणि पाऱ्याच्या प्रत्येक उंचीत वातावरणाच्या दाबाचे सुमारे २९ इंच मिळवले. त्याने १६६२ मध्ये छापलेल्या कोष्टकात ही बेरीज स्वतंत्र रकान्यात दिसते. मला त्या कोष्टकातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना तोच वाटतो.

३.२ ला ३.१ ने भागा: दर चौ. सेंमीला साधारण १.०३ किलो. हा तुमच्या घरातला हवेचा दाब. गावाच्या उंचीप्रमाणे तो बदलतो. हीच सिरिंज पुण्यात निम्मी करायला ३ किलोच्या आसपास पुरतील, महाबळेश्वरला २.७. पण फक्त १० मिलीच्या एका आकड्यावर विसंबू नका. आडव्या अक्षावर १ भागिले आकारमान आणि उभ्या अक्षावर वजन घेऊन आलेख काढा. बिंदू सरळ रेषेत येतील. ती रेषा मागे वाढवली की उभा अक्ष शून्याच्या खाली जिथे छेदेल, तो आकडा म्हणजे वातावरणाचा जोर. चारही मोजण्यांचा त्यात वाटा असल्यामुळे तो जास्त भरवशाचा.

हे एकदा केलं की गणितातली नेहमीची चूक चटकन दिसते. टायरच्या गेजवर ३२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दिसलं, तर वातावरणाचे १४.७ मिळवून आतला खरा दाब सुमारे ४६.७ असतो, वायूच्या नियमांत तोच घालायचा. तापमानाचंही तसंच. बंद डब्यातली हवा २० अंश सेल्सिअसवरून ४० वर नेली, तर दाब दुप्पट होत नाही. वायूच्या नियमांत तापमान केल्विनमध्ये घालायचं, म्हणून २७३ मिळवा: २९३ चे ३१३ झाले, म्हणजे दाब जेमतेम ७ टक्के वाढला.